दुधाला आलेली माणसं

सून रिकाम्या हातांनी गेली, हे थोरलीचं पहिलं दुखणं. नवऱ्याचा हात धरून गेली, हे दुसरं. आणि वाटेत कुणी विचारलं, जोडीनं कुठे निघालात, तर थांबून, चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगून आली, "यांना डोक्याच्या डॉक्टरकडे नेतेय." यापुढची दुखणी मोजायला थोरलीकडे बोटं होती, हिंमत नव्हती.

"तोंडाला कडी नाही हिच्या," ती धाकट्या जावेला म्हणाली. "घरातलं आतडं काढून चव्हाट्यावर वाळत घालते. या घराला शोभायची नाही ही. लिहून ठेव."

जावेला लिहिता येत नव्हतं, पण तिनं मान डोलावली. थोरलीपुढे मान डोलावण्यापलीकडे त्या वस्तीत आजवर कुणी फारसं काही केलं नव्हतं. चार भावांच्या घरात ती थोरली सून म्हणून आली आणि बघता बघता साऱ्या वस्तीचीच थोरली होऊन बसली. शाळा तिनं दोन वर्षं पाहिली, तीही बरीचशी खिडकीबाहेरून. पण बांधाचा तंटा असो, पाण्याची पाळी असो, नाहीतर नवराबायकोचं फाटलेलं असो, माणसं आधी तिच्या ओट्यावर यायची आणि तिथे जमलं नाही तरच कचेरीची पायरी चढायची. तिच्या घराला कुणी हसलं नव्हतं. हसायचंच असेल तर दोन गल्ल्या ओलांडून जाऊन हसावं लागे, आणि तरी ते तिला कळे.

अशा थोरलीच्या एकुलत्या एका मुलाला मोटारीतून आवाज ऐकू यायला लागले.

पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा त्याचा धंदा. भरायची म्हणजे जुनी तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार वेढा वेढा मोजत खाचांत बसवायची. मोजणी चुकली की मोटर पुन्हा जळते. त्याची कधी चुकली नव्हती. आसपासच्या दहा वस्त्यांचं पाणी त्याच्या बोटांवर चालायचं. मग एका उन्हाळ्यात तो म्हणाला, या मोटारींच्या आत माणसं आहेत आणि ती माझ्याबद्दल बोलतात. त्यांना बाहेर काढायला त्यानं लोकांच्या तीन धडधाकट मोटारी उसवल्या. अंगणभर तारेची भेंडोळी पडली होती, आणि हा मधोमध बसून, मान तिरकी करून ऐकत होता.

सुनेनं त्याला हात धरून नेलं ते त्यानंतर.

दवाखाना म्हणजे काही इमारत नव्हे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी, दूध संकलन केंद्राच्या खोलीत एक डॉक्टर आणि एक सिस्टर यायचे. सकाळचं दूध गेलेलं, संध्याकाळचं अजून यायचं, मधले तीन तास खोली मोकळी. फरशी धुतलेली, ओली. आंबूस वास भिंतींत मुरलेला. फॅट मोजायचं यंत्र कापडाखाली झाकून बाजूला सरकवायचं आणि त्याच टेबलावर डॉक्टरांनी बस्तान मांडायचं. वजनकाट्याशेजारी बाकावर सिस्टर, तिच्या पायाशी गोळ्यांची पत्र्याची पेटी. केंद्रावरच्या कारकुनाला सगळे फॅटमास्तर म्हणायचे, आणि त्याच्या स्वतःच्या अंगावर फॅट औषधालाही नव्हता. तो दार उघडून द्यायचा आणि खोलीकडे पाठ करून पायरीवर बसायचा.

या दवाखान्याची एक रीत पडून गेली होती. येणारा प्रत्येक जण हातात दुधाची कॅन घेऊन यायचा. रिकामी. दुपारी दूध घेत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण हातात कॅन असली की माणूस दुधाला चाललेला असतो, आणि दुधाला चाललेल्याला कुणी खोदून विचारत नाही. वाटेत भेटणारा कॅनकडे बघून म्हणायचा, काय, दुधाला? हा म्हणायचा, हो, दुधाला. दोघंही खोटं बोलायचे आणि दोघांनाही बरं वाटायचं. परतताना गोळ्यांची पुडी कॅनच्या तळाशी टाकायची आणि ती वाजू नये म्हणून हात न हलवता चालायचं. जीपवर रंगवलेली अक्षरं दिसू नयेत म्हणून ड्रायव्हर ती गवताच्या गंजीमागे उभी करायचा. ही अक्कल त्याला थोरलीनंच दिलेली.

नावांचीही तीच गत. रजिस्टरात खरं नाव कुणी सांगेना. कुणी मेलेल्या चुलत्याचं सांगायचा, कुणी आजोळच्या म्हातारीचं. सिस्टरला सगळं कळत होतं, पण गोळी खऱ्या माणसाच्या पोटात जातेय ना, मग नाव कुणाचं का असेना, असं तिचं म्हणणं. माझ्या रजिस्टरातली निम्मी माणसं मेलेली आहेत, ती हसून म्हणायची, पण गुणी आहेत, औषध चुकवत नाहीत. अठ्ठेचाळीस चेहरे आणि प्रत्येकाची गोळी तिला तोंडपाठ होती.

सुनेनं तेवढं नवऱ्याचं खरं नाव लिहवलं होतं. थोरलीला हे कळलं तेव्हा तिनं पुढच्या गुरुवारपासून सूत्रं आपल्या हातात घेतली. सुनेला घरी बसवलं, स्वतः कॅन उचलली, मुलाला म्हणाली, माझ्या मागून चार पावलं ठेवून चाल. केंद्रात गेल्या गेल्या सिस्टरला सांगितलं, ते नाव खोड. सिस्टर म्हणाली, बाई, यात खाडाखोड चालत नाही. मग नवं पान काढ, थोरली म्हणाली, आणि सासऱ्याच्या मामाचं नाव दिलं. मामा वारून चाळीस वर्षं झाली होती.

पण गोळ्यांना नावाशी देणंघेणं नव्हतं. चौथ्या महिन्यात मुलानं पक्कड हातात घेतली. पाचव्यात एक छोटी मोटर भरायला बसला. तो मोजायचा तोंडानं, आणि थोरली चुलीपाशी हातातलं काम थांबवून ऐकायची. साठ, एकसष्ट, बासष्ट. मग तार कापल्याचा कट्ट असा आवाज. एका खाचेत बासष्ट वेढे लागत. त्या बासष्टवर थोरली दिवसभराचा श्वास सोडायची. सून तिच्याकडे बघायची, पण थोरली तिला कौतुकाचा एक शब्द देईल तर शपथ. नाव घालवून माणूस कमावण्यात काय अक्कल आहे, ती म्हणायची, मी दोन्ही राखलं.

नवव्या महिन्याच्या गुरुवारी सून म्हणाली, आई, आज मी येते, मला डॉक्टरांना विचारायचंय. थोरलीनं तिच्यापुढे शेंगांचं पोतं ओतलं. "हे सोलून होईपर्यंत मी येतेच."

केंद्रावर त्या दिवशी डॉक्टरांच्या शेजारी आणखी एक जण उभा होता. तरुण, इस्त्रीचा शर्ट, ओल्या फरशीवर बूट जपून ठेवणारा. वरच्या कचेरीतून पाहणीला आलेला. बोलायला मऊ होता, त्याच्यावर चिडायलाही जागा नव्हती. त्याच्या हातात रजिस्टरातल्या नावांची यादी होती. तो म्हणत होता, साहेब, अठ्ठेचाळीसपैकी बावीस नावं आमच्या नोंदीप्रमाणे मृतांची आहेत, एक सोडून बाकीची कुठल्याच वस्तीत सापडत नाहीत, आणि सापडलेल्या त्या एकाची दुसऱ्या महिन्यापासून नोंदच नाही. मग गोळ्या जातात कुठे?

डॉक्टर थकलेला माणूस. त्यांनी वादही घातला नाही. समोर हात केला. "माणसं बसलीत की तुमच्यासमोर. त्यांनाच विचारा."

एकवीस माणसं बसली होती, भिंतीला टेकून, प्रत्येकाच्या पायाशी कॅन. पाहणीला आलेल्या साहेबानं एकेक नाव मोठ्यानं वाचलं. कोण उठणार? स्वतःचं नाव असतं तरी उठायला जड गेलं असतं, इथे तर मेलेल्याच्या नावावर उठायचं होतं. यादी संपली तेव्हा पहिल्याच जागी बसलेल्या थोरलीपुढे तो वाकला.

"आजी, तुम्ही दवाखान्यात आलात ना?"

थोरलीच्या शेजारी तिचा मुलगा फरशीच्या भेगा बघत बसला होता. दारात फॅटमास्तरची पाठ. त्यापलीकडे रस्त्यावर चार बायका जीपपाशी रेंगाळलेल्या. आज जीप गंजीमागे नव्हती, साहेबाची गाडी तिथे उभी होती म्हणून. सगळी खोली थोरलीच्या तोंडाकडे बघत होती. सिस्टर उठून जवळ आली, उकिडवी बसली आणि अगदी हलक्या आवाजात बोलली.

"बाई, सांगा ना. तुम्ही सांगितलंत की सगळे सांगतील."

हे तर थोरलीला ठाऊकच होतं. म्हणूनच मान ताठ झाली. आयुष्यभर ज्यांना तिनं पायरीवर बसवून शहाणपण सांगितलं, त्यांच्यादेखत, एका परक्या पोरापुढे, माझा मुलगा वेडाच्या औषधावर आहे असं ती म्हणणार होती होय?

"आम्ही दुधाला आलोय," ती म्हणाली.

मग खोलीभर एकेक जण तेच म्हणत गेला. दुधाला. दुधाला. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तो दुधालाच आला होता. रांगेच्या शेवटी फॅटमास्तरची बायको होती. तिची पाळी यायच्या आधीच फॅटमास्तर पायरीवरून उठला, यंत्रावरचं कापड ओढून काढलं, बटण दाबलं आणि थोरलीची कॅन उचलून काट्यावर ठेवली. रिकामी कॅन पत्र्यावर खणकन वाजली. साहेब खाली मान घालून लिहीत होता.

डॉक्टर हसले, किंवा तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झालं. सिस्टरनं पेटीला कुलूप घातलं, आणि सगळ्यांच्या गोळ्या आत तशाच घेऊन जीप निघून गेली. थोरली कॅन हलवत घरी आली. वाजायला तळाशी काही नव्हतं.

घरी आठ गोळ्या उरल्या होत्या. तिनं त्यांचे विळीवर अर्धे अर्धे तुकडे केले, सोळा दिवस पुरवले, सुनेला म्हणाली, पुढच्या गुरुवारी मी बघते. पुढच्या गुरुवारी केंद्राच्या दाराला कागद चिकटवलेला होता. रुग्ण येत नसल्यानं आणि नोंदी खोट्या आढळल्यानं हे केंद्र बंद. गरजूंनी शहरातल्या रुग्णालयात जावं. सिस्टरला घरी बसवल्याची बातमी ड्रायव्हरकडून आली. शहर म्हणजे दोन गाड्या बदलून जायचं, आणि मुलगा गाडीत पाय ठेवेना. इंजिनात तीच माणसं बसली होती.

सुनेनं कागद वाचला आणि सासूकडे बघितलं. घरी आली, वही काढली, आणि दोन पानांचा अर्ज लिहिला. आम्ही खालील सह्या करणारे या दवाखान्याचे रुग्ण आणि नातेवाईक आहोत, त्या दिवशी भीतीपोटी खोटं बोललो, दवाखाना पुन्हा सुरू करावा. तो अर्ज घेऊन ती घरोघर फिरली. कुणी दार उघडलं, कुणी उघडून लावलं. ज्यांनी ऐकून घेतलं त्यांचं सगळ्यांचं उत्तर एक.

"थोरलीची सही आण. तिची झाली की आमची घे."

अर्ज चुलीवरच्या फळीवर, डब्याखाली, येता जाता थोरलीला दिसेल असा ठेवून सून कामाला लागली. पेन वर ठेवलेलं. थोरली डबा उचलायची, हवं ते काढायची, डबा पुन्हा ठेवायची. बाहेर मुलगा मोजत होता. पहिल्या दिवशी चाळीसपर्यंत गेला आणि थांबला. चौथ्या दिवशी तिसापर्यंत. मोजणी विसरायची, मग सगळी तार उपसून पुन्हा एकपासून. सातव्या दिवशी तो जेवायला उठला नाही. नवव्या दिवशी थोरलीनं चुलीपाशी बसून ऐकलं तर सोळा, सतरा, आणि मग एक. सोळा, सतरा, एक. ती बाहेर आली. तार त्याच्या बोटांत रुतून बोटं फाटली होती, आणि तो त्यांच्यावरून तसाच वेढे घालत होता.

तिनं डबा बाजूला केला आणि सही केली. सही म्हणजे तिला येणारी सगळी अक्षरं, एकेक डोंगर चढल्यासारखी. "ने," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली, जणू काही घाण लागली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकतीस सह्या झाल्या. त्याच आठवड्यात चौघा चुलतभावांनी मुलाला धरून, हातपाय बांधून ट्रॉलीत घातलं आणि शहराच्या रुग्णालयात नेलं. भरदुपारी. साऱ्या वस्तीनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून पाहिलं. तो आवाज करत नव्हता, फक्त मोजत होता.

अर्जाचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं. एका ओळीचं होतं, सुनेनं ते तीनदा वाचून दाखवलं तेव्हा थोरलीला पटलं. अर्जदारांपैकी एकाचंही नाव दवाखान्याच्या चालू रुग्णांत आढळत नसल्यानं अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खरं आहे, थोरली मनात म्हणाली. रुग्ण तर सासऱ्याचा मामा होता.

मुलगा दीड महिन्यानं परत आला. आवाज थांबले होते, पण त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं होतं. शहरातल्या डॉक्टरनं सुनेला सांगितलं, मधे औषध तुटायला नको होतं, या वेळी किती परत येईल सांगता येत नाही, आशा फार धरू नका. तो अंगणात बसायचा. बोटांवर वण, आणि ती बोटं हवेत गोल गोल फिरत राहायची, तार नसतानाही. अर्धवट भरलेल्या मोटारी लोक येऊन घेऊन गेले. कुणी बोललं नाही, जाताना फक्त त्याच्याकडे न बघता गेले.

बोलायचं ते सुनेला बोलले. तिच्या अर्जामुळे एकतीस घरांची नावं कचेरीत लागली, अशी हाकाटी झाली. एका घरचं ठरलेलं लग्न मोडलं, ते हिच्या माथी. नळावर हिची घागर आली की बाकीच्या आपापल्या घागरी उचलून घ्यायच्या. तिची सात वर्षांची मुलगी शाळेतून आली आणि विचारलं, आई, माझ्या बाकावर कुणी का बसत नाही? सून त्या दिवशी जेवली नाही. थोरलीनं ते बघितलं. ज्या जिभेनं तिनं आयुष्यभर साऱ्या वस्तीला वळण लावलं, ती सुनेच्या बाजूनं चार शब्द बोलायला वळेना. एकदा ओट्यावर जमलेल्या बायकांना ती म्हणाली, माझ्या सुनेला काही म्हणू नका. बायकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर यायच्या बंद झाल्या.

महिना उलटला. शहरातून गोळ्या आणायचा दिवस आला. सून पहाटे उठली, मुलीची वेणी घातली, नवऱ्याला दोन घास भरवले आणि निघाली. ती गेल्यावर थोरलीच्या लक्षात आलं, डॉक्टरची चिठ्ठी फळीवरच राहिली. ती घेऊन ती मागोमाग भराभर चालत गाडीच्या थांब्यावर पोचली. धाप लागली म्हणून जरा मागेच थांबली, खांबाला धरून.

थांब्यावर फॅटमास्तरची बायको उभी होती. गोळ्या बंद झाल्यापासून तिचे हात थरथरत, ते ती एकमेकांत घट्ट धरून उभी होती.

"कुठे गं, शहराकडे?" तिनं विचारलं.

आणि थोरलीनं बघितलं, सुनेच्या हातात कॅन होती. घरातलीच, झाकणाला पोचा पडलेली. ज्या गाडीत आजवर कुणी दुधाचा थेंब नेला नव्हता, त्या गाडीला ती कॅन घेऊन उभी होती.

"दुधाचं काम आहे," सून म्हणाली.

"आणि मालक कसे आहेत?"

"बरे आहेत की. कामाला सवड नाही त्यांना."

मान ताठ, आवाज सरळ, डोळे समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी. ती मान थोरलीच्या ओळखीची होती. ती तिनं रोज आरशात पाहिली होती. फॅटमास्तरची बायको म्हणाली, "मलाही जायचंच होतं एकदा, दुधाचंच." सुनेनं तिला जवळ घेतलं नाही, चल म्हणाली नाही. कॅन या हातातून त्या हातात घेतली.

थोरली पुढे झाली. चिठ्ठी सुनेच्या हातात दिली. सुनेनं ती घडी करून, इकडेतिकडे बघून, कॅनचं झाकण उघडून आत टाकली. गाडी लांबून वळणावर दिसायला लागली होती.

"आता शोभलीस या घराला," ती म्हणाली. "वाटोळं झालं तुझं."